'टाळू आसक्ती'ला दुसरा शब्द सुचवा

वेंधळी: समुपदेशनाच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. विषय असा, की काही माणसांना प्रेमाच्या नात्यात पाऊलच का टाकता येत नाही. 'अव्हॉयडंट अटॅचमेंट'ला, म्हणजे जवळीक टाळत राहायच्या वळणाला, मी 'टाळू आसक्ती' लिहून मोकळी झाले. मुद्रितशोधकाचा फोन आला, "ताई, ही तान्ह्या बाळाची टाळू का?" हसले खरी, पण शब्द अजून सापडलेला नाही.

तिरसिंगराव: आसक्ती तर मुळीच नको. आपल्याकडे अनासक्त माणसाच्या पाया पडतात. कीर्तनाला जाणारा वाचक म्हणेल, आसक्ती टाळतोय ना, मग समुपदेशन कशाला? 'परिहारी अनुबंध' करा.

खडीसाखर: राव, 'परिहारी' वाचून तो पुस्तिकाही टाळेल. सरळ 'लळा' म्हणा. गोष्ट तिथूनच सुरू झालीय. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगात साधारण वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला खोलीत ठेवून आई बाहेर जायची नि परत यायची. काही मुलं तिच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत, खेळण्यातच दंग. पुढे अशा मुलांच्या छातीचे ठोके मोजले, तर ते वाढलेले! म्हणजे लळा होता, दाखवायची सोय नव्हती.

मोडीवाला: लळा लहानांना नि वासरांना. आमच्या काकांना कुणी 'लळा नाही' म्हटलं नाही, 'सडाफटिंग' म्हणायचे. मुलगी बघायला गेले की अंग चोरून बसायचे. परतताना एसटीत मला म्हणाले होते, "चांगली होती रे पोरगी. माझ्याच्यानं पुढं जाववत नाही."

वेंधळी: मोडीकाका, हेच! 'जाववत नाही'. 'टाळतो' म्हटलं की माणूस मुद्दाम करतोय असं वाटतं. संशोधनातही हा घोळ होता. 1987 साली हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून एन्सवर्थ यांचे लहान मुलांचे गट मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिले, त्यात टाळणाऱ्यांचा गट एकच. 1991 मध्ये बार्थोलोम्यू आणि होरोविट्झ यांनी तो फोडला: कुणाची गरजच न वाटणारे वेगळे, आणि हवंय पण धास्ती वाटते असे वेगळे. पहिल्यांना 'अलिप्त' चालेल. दुसऱ्यांना काय म्हणू?

तिरसिंगराव: शक्य क्रियापद व्याकरणाच्या तासाला ठीक. प्रकरणाच्या मथळ्यावर 'जाववत-नाही अनुबंध' छापणार का? परिभाषा म्हणजे परिभाषा.

एकटीच_बरी: मध्येच बोलते. तिसरेही असतात. मला तशी ओढ कधी वाटलीच नाही. 'अरोमँटिक' हा शब्द मिळेपर्यंत आत्या विचारायची, "कुणी दुखावलं का गं?" शब्द मिळाल्यावरही विचारते. मला त्या पुस्तिकेत कोंबू नका.

खडीसाखर: नाही कोंबत गं. धास्तीवाल्यांना 'बुजरा' म्हणूया. बैल बुजतो तेव्हा त्याला रस्ता नको असतो असं नाही, पुढं काहीतरी दिसलेलं असतं.

तिरसिंगराव: बुजरा म्हणजे लाजाळू. माझा एक मित्र लग्नाच्या पंगतीत शंभर माणसं हसवतो, आणि कुणी जवळ यायला लागली की फोन उचलत नाही. हा बुजरा?

मोडीवाला: बुजणं म्हणजे दचकून मागं सरणं. लाज नंतर चिकटली. बुजगावणं पाखरांना लाजवतं का?

तिरसिंगराव: मग 'विहीर बुजली' म्हणतो तेव्हा ती कशाला दचकली?

मोडीवाला: ते बुजणं वेगळं.

खडीसाखर: वेगळं कशावरून? आमच्या गावाकडे विहीर वापरली नाही की बुजते. काकांचं तसंच झालं असेल.

वेंधळी: मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय.

मोडीवाला: वापरली नाही म्हणून बुजत नाही, गाळ काढला नाही म्हणून बुजते. आणि काकांना मध्ये आणू नका.