मदत हवी आहे: या चित्रातली मृत तरुणी कोण?

मंडळी, एका चित्राने महिनाभर पिच्छा पुरवलाय. फ्लॉरेन्सच्या पिएरो दी कोसिमो या चित्रकाराचं, साधारण १४९५ चं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चांगलं सहा फूट लांब, आडवं. रानफुलांच्या हिरवळीवर एक तरुणी मरून पडलीय, गळ्याला जखम. डोक्याशी बकऱ्याच्या पायांचा सॅटर (ग्रीक पुराणकथांतला अर्धमानव) गुडघे टेकून तिच्या कपाळाला इतक्या हळुवार स्पर्श करतोय, की जणू ती झोपलीय आणि जागी होईल. पायाशी तपकिरी कुत्रा, नुसता बसलेला. मला तर त्याचंच दुःख जास्त खरं वाटतं. मागे निळसर पाणी, काठावर आणखी कुत्रे, पक्षी. त्यांना कशाचाच पत्ता नाही.

पूर्वी हिला प्रॉक्रिस मानत. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत नवरा सेफॅलस झुडपात जनावर आहे असं समजून भाला फेकतो आणि तो हिला लागतो. पण त्या कथेत सॅटर नाही, चित्रात नवरा नाही. शिवाय हाता-मनगटावरही जखमा दिसतात. एका भाल्याने इतक्या?

१४८७ साली इटलीतल्या फेरारात झालेल्या, याच कथेवरच्या निक्कोलो दा कोर्रेज्जोच्या नाटकात एक फॉन (सॅटरसारखाच अर्धा बकरा) आहे म्हणे. सॅटर तिथून आला असेल का? की चित्रकाराला कथा नकोच होती, फक्त शोक हवा होता? युरोपीय कलेचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावं.