मार्कोविच यांना भित्रे म्हणू नका

युगोस्लाव्हिया या संघराज्याचे पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांना पैशाअडक्याचं कळायचं, राजकारणाचं नाही, शिवाय ते भित्रे होते, असं म्हटलं जातं. यातलं पहिलं अर्धंच पटतं. पक्ष काढायला जुलै १९९० उजाडला, तोवर संघराज्यातल्या स्लोव्हेनिया-क्रोएशियात निवडणुका उरकल्या होत्या. चूक मोठीच! पण ते भित्रे होते हे अजिबात मान्य नाही.

७ ऑक्टोबर १९९१ ला झाग्रेबमध्ये बान्स्की द्वोरी या क्रोएशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या इमारतीवर बॉम्ब पडले, तेव्हा क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष तुजमन आणि संघराज्याच्या अध्यक्षमंडळाचे मेसिच यांच्यासोबत हा माणूस त्याच इमारतीत होता. संघराज्याचा पंतप्रधान, आणि बॉम्ब संघराज्याच्याच हवाई दलाचे. तरी त्यांनी लगेच खुर्ची सोडली नाही. सोडली ती डिसेंबरात, बहुतेक पैसा सैन्याच्या घशात घालणारं अंदाजपत्रक समोर आल्यावर. युद्धाच्या खर्चाला त्यांनी आपलं नाव लागू दिलं नाही. पुढे २००३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयात जाऊन सर्बियाचे माजी नेते मिलोशेविच यांच्याविरुद्ध साक्षही दिली.