चेल्टनमची सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल : बाबांना न्यायचंय, कुठलं तिकीट घेऊ?

रेवा_रेडिंग: बाबा मार्चमध्ये इकडे इंग्लंडला येताहेत. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसेस त्यांनी आयुष्यभर पाहिल्या, पण उड्यांची शर्यत कधीच नाही. चेल्टनमच्या मार्चमधल्या रेस-महोत्सवाची मंगळवारची पहिलीच रेस, सुप्रीम, त्यांना दाखवायचीय. नॉव्हिस म्हणजे नवख्या घोड्यांची, हर्डल म्हणजे बुटक्या अडथळ्यांवरून उड्या मारायची. दोघांचं बजेट दीडशे पौंड, प्रवास धरून. बाबांचे गुडघे दुखतात.

अश्वप्रेमी: क्लब एन्क्लोजर, म्हणजे प्रेक्षकांचा सगळ्यात महागडा विभाग. दुसरा विचारच नको. आम्ही तिथेच जातो, बसायला जागा असते, जेवण उत्तम.

देशपांडे_ब्रिस्टल: अहो, बजेट वाचलंत का? बेस्ट मेट हा विभाग सगळ्यात स्वस्त. शेवटची हर्डल आणि त्यापुढचा चढ समोर दिसतो. दोन मैलांची रेस त्या चढावरच फिरते. आणि गाडी नेऊ नका. पार्किंगच्या चिखलात आमची गाडी रुतली, ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.

टर्फवाला: २०२२ ला मी तिथे होतो! कॉन्स्टिट्यूशन हिल हा घोडा २२ लेंग्थने, म्हणजे बावीस घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकला, दुसरा आलेला जॉनबॉनही त्याच ट्रेनरचा, हेंडरसनचा. रेस सुटताना प्रेक्षकांतून उठणारी ती आरोळी टीव्हीवर कळत नाही. क्लबच घ्या.

सौ_मीरा: नवख्या, कोवळ्या घोड्यांना उड्या मारायला लावणं मला पटत नाही.

टर्फवाला: मीराताई, नॉव्हिस म्हणजे कोवळा नव्हे. या रेसला घोडा चार वर्षांचा किंवा मोठा लागतो. हंगाम सुरू होण्याआधी हर्डल रेस जिंकलेली नसली की तो नॉव्हिस. सहा वर्षांचेही असतात.

सौ_मीरा: वय कळलं. पडतात त्याचं काय?

देशपांडे_ब्रिस्टल: पडतात, खरं आहे. हर्डलवरच्या केशरी पट्ट्या आता पांढऱ्या केल्यात, कारण घोड्यांना केशरी रंग हिरवळीपासून नीट वेगळा दिसत नाही. जॉकींनाही धोका असतोच. २०२३ ची सुप्रीम मरीन नॅशनॅल या घोड्यावर जिंकणारा मायकेल ओसलिव्हन २०२५ च्या फेब्रुवारीत रेसमध्ये पडल्यामुळे वारला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्या वर्षीची सुप्रीम त्याच्या नावाने झाली. मला अजून वाईट वाटतं.

न्यूबरीकर: रेडिंगहून न्यूबरी जवळ आहे. उड्यांच्या रेसेस तिथेही होतात, गर्दी कमी, तिकीट परवडतं. गुडघ्यांचा विचार करा ताई.

अश्वप्रेमी: न्यूबरीला सुप्रीम होत नाही. क्लब.

कोथरूडचा_मामा: पैसे लावणार असाल तर फेव्हरिटवर सगळे लावू नका. नवख्यांच्या रेसमध्ये काहीही होतं. २०१७ चा लबैक आधी कितीदा तरी पळायलाच तयार नव्हता, आणि सुप्रीम २५/१ च्या भावाने, म्हणजे एका पौंडाला पंचवीस, घेऊन गेला.

देशपांडे_ब्रिस्टल: एक सांगायचं राहिलं. बेस्ट मेटमधून परेड रिंगला, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, जाता येत नाही. टॅटरसॉल्स या मधल्या विभागातून येतं. रेडिंगहून चेल्टनम स्पाला थेट गाड्या आहेत, स्टेशनबाहेरून रेसकोर्सची बस मिळते.

टर्फवाला: हो, ट्रेननेच जा. सीट आधी राखून ठेवा, सकाळी पाय ठेवायला जागा नसते.

रेवा_रेडिंग: सगळ्यांचे आभार. टॅटरसॉल्स घेतलं. बजेट मोडलं, क्लबची खुर्चीही नाही, पण देशपांडेकाकांनी परेड रिंगचं सांगितलं आणि माझं ठरलं. बाबा रेसकार्डापेक्षा घोड्याची चाल बघतात, पाठ आणि मागचे पाय बघितल्याशिवाय पैसे लावत नाहीत. त्यांना रिंगच्या कठड्याशी उभं राहायला मिळालंच पाहिजे. मीराताई, तुमचं म्हणणंही त्यांना सांगेन. आता एवढंच सांगा, घडीची छोटी खुर्ची आत नेऊ देतात का?

अश्वप्रेमी: क्लबमध्ये खुर्ची लागली नसती.