कातळशिल्पांचा अभ्यास एकाच विषयाच्या चौकटीत बसवता येईल का?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी मी राजापूर तालुक्यातील कशेळीचे कातळशिल्प निवडले आहे. सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद अशा हत्तीच्या आकृतीच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, मी पुरातत्त्वाबाहेर जाऊ नये. परंतु शिल्पाचा काळ ठरवण्यापाशीच माझे काम अडले आहे. काय करावे?

उत्तर 1 : अडणारच. हे शिल्प ज्यात कोरले आहे तो जांभा खडक हवामानामुळे झिजून तयार होतो आणि कोरलेल्या रेषेत कार्बन-कालमापनाला लागणारा सेंद्रिय अंश नसतो, त्यामुळे त्या पद्धतीने रेषेचे थेट वय काढता येत नाही. आसपासच्या गुहांत दगडी हत्यारे सापडली, तरी ती हत्यारे वापरणारे आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हत्ती कोरणारे एकच होते, हे वेगळे सिद्ध करावे लागते. भूशास्त्र जाणणाऱ्याला सोबत घेऊन सड्यावर जा. केवळ त्यांचा अहवाल मागवू नका.

उत्तर 2 : माझा विषय वनस्पतिशास्त्र आहे. कोकणातील कातळशिल्पांत गेंडाही दिसतो, जो आज येथे नाही. तो येथे चरत होता की कोरणाऱ्यांनी अन्यत्र पाहिला होता, हे चित्रावरून कळत नाही. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे फारशी टिकत नाहीत, म्हणून खाडीच्या गाळातील परागकणांवरून जुने गवताळ प्रदेश शोधावे लागतील. शिवाय सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा किनारा बराच पश्चिमेला असणार आणि आज समुद्रालगत वाटणारा सडा आतल्या भागात मोडत असणार. काळ ठरला नाही, तर शिल्पांचा समुद्राशी जोडलेला संबंधही डळमळतो.

उत्तर 3 : सड्यावर गुरे चारणाऱ्या वयस्करांनाही विचारावे. कितीतरी आकृत्या गावाला आधीपासून ठाऊक होत्या. पांडवांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कथांतून काळ कळत नसला, तरी जागा कळतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मार्गदर्शकांची समजूत कशी घालावी?

उत्तर 1 : प्रबंध पुरातत्त्वाचाच ठेवा, मात्र प्रश्न ‘शिल्प किती जुने?’ असा न ठेवता ‘कोणत्या पुराव्यावरून काळाची मर्यादा बांधता येते?’ असा ठेवा. छायाचित्रे सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर घ्या. तिरप्या प्रकाशात उथळ रेषाही उठून दिसतात.