मॉय नदी, सॅमन आणि जुलैची सहल

विषय: जुलैची मायो सहल – बॅलिनाला मासेमारी करायची का?
प्रेषक: सहल समिती, डब्लिन

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सहलीसाठी आयर्लंडच्या पश्चिमेचं, मायो परगण्यातलं बॅलिना गाव जवळपास पक्कं झालंय. डब्लिनच्या ह्युस्टन स्टेशनवरून गाडी, मनुल्ला जंक्शनला बदलायची आणि थेट बॅलिना. यंदा बऱ्याच घरांतून एकच मागणी आली आहे: मॉय नदीवर सॅमन धरायचा आणि संध्याकाळी तिथेच तळायचा.

आपल्यात कोणी तिथे नियमित जातं का? परवाना कुठे मिळतो, मुलांना चालतं का, गळ-दोरी स्वतःची लागते का, एवढं कळलं तर घरांची यादी करायला घेईन. नेव्हनची मंडळी विचारतायत की एवढ्या लांब कशाला, त्यांच्या गावच्या बोयन नदीवर का नको? तेही सांगा.

---

Re: जुलैची मायो सहल
प्रेषक: बॅलिनाचे काका

ताई, नमस्कार.

नदी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी बोयनचं. बोयन मोठ्या मानाची नदी आहे. आयरिश दंतकथेतल्या फिन मॅक कूल या वीराने ज्ञानाचा सॅमन चाखला ती हीच, आणि नेव्हनच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना ती गोष्ट पाठ असेल. पण इथे दरवर्षी प्रत्येक नदीचा हिशेब होतो. अंडी घालायला पुरेसे मासे उरून वर काही शिल्लक राहत असतील, तरच त्या नदीतला मासा घरी नेता येतो. शिल्लक नसेल पण हाल अगदी वाईट नसतील, तर धरून सोडायचा. त्याहून खाली गेली तर नदी सॅमनसाठी बंद. यादी दर जानेवारीत नवी लागते. मॉय बरीच वर्षं मासा ठेवू देणाऱ्या नद्यांत आहे, म्हणून बॅलिना. तरी निघण्यापूर्वी इनलँड फिशरीज आयर्लंड या मासेमारीच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे नियम वाचायचेच. मागच्या वर्षीच्या माहितीवर कोणी विसंबू नका.

आता परवाना. दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि नवीन माणसाचा इथेच गोंधळ होतो. पहिली, सरकारी लायसन्स. सॅमन किंवा सी-ट्राउटसाठी (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट मासा) गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ते हवं, मासा सोडून देणार असलात तरी हवं. मुलांनाही लागतं, त्यांचं स्वस्त असतं. दुसरी, नदीच्या ज्या पट्ट्यावर उभं राहायचं तिथे मासेमारी करण्याची परवानगी. ती नदीच्या मालकाकडून किंवा क्लबकडून घ्यायची. बॅलिना गावातले पट्टे सरकारी मॉय फिशरीकडे आहेत, तिकीट दिवसाचं मिळतं. रिज पूल नावाचा डोह जगभर प्रसिद्ध असल्याने जुलैत तिथे जागा मिळणं कठीण. कॅथीड्रलच्या बाजूचा पट्टाही सुंदर आहे. एप्रिल 2023 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी भाषण केलं ते सेंट म्युरेडॅक कॅथीड्रल हेच, नदी अगदी समोरून जाते. नदीच्या वरच्या अंगाला फॉक्सफर्ड गावाकडे क्लबांचे पट्टे आहेत, नवशिक्यांना ते जास्त सोयीचे.

लायसन्ससोबत टॅग (माशाला अडकवायच्या खुणेच्या पट्ट्या) आणि एक नोंदवही मिळते. ठेवायचा मासा मारला की लगेच, काठ सोडण्याआधी, टॅग कल्ल्यातून घालून तोंडातून काढायचा आणि वहीत तारीख, जागा, वजन लिहायचं. 2001 पासून हे सक्तीचं आहे. चाळीस सेंटीमीटरपेक्षा मोठ्या सी-ट्राउटलाही हाच नियम. गळाने धरलेला सॅमन विकणं गुन्हा आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘आमच्यासाठी एक आणाल का, पैसे देतो’ असे फोन मला येतात. द्यायचा तर भेट म्हणून, तोही टॅगसकट.

हत्यारांचं म्हणाल तर घिली, म्हणजे नदीवरचा वाटाड्या, घेतलात तर रॉडपासून वेडर्सपर्यंत (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) सगळं तोच आणतो. पहिल्या वेळेला घ्याच. मॉयवर स्पिनरने (पाण्यात फिरणारं चकचकीत धातूचं आमिष) धरतात, गांडुळाने धरतात (जिथे चालतं तिथे), आणि फ्लायने (गळावर बांधलेलं नकली आमिष) धरतात. मला स्वतःला फ्लाय आवडते. इथली जुनी फ्लाय फॉक्सफर्ड श्रिंप, पिसांची आणि तांबूस. ती प्रवाहाच्या आडवी, थोडी खालच्या अंगाला टाकायची आणि प्रवाहालाच तिला कमानीत ओढत नेऊ द्यायचं. कमान पुरी झाली की एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा. मासा लागला असं वाटलं तरी हात झटकायचा नाही. मालवणात आपण गरी टाकतो तेव्हा टुचकन ओढतो, इथे तसं केलं की फ्लाय तोंडातून सुटते. बोटाशी दोरीचा एक सैल वेढा ठेवायचा, मासा वळून खाली जाऊ लागला की वेढा आपोआप सुटतो, दोरी ताणते, तेव्हा रॉड उचलायचा.

गंमत म्हणजे नदीत आलेला सॅमन काही खातच नाही. अंगावरच्या चरबीवर तो हिवाळ्यापर्यंत काढतो. तरी फ्लायवर तोंड टाकतो.

पाऊस पडून नदी चढली आणि मग उतरायला लागली, गढूळपणा जाऊन पाणी काळ्या चहासारखं नितळ झालं, की तो दिवस सोडू नका. कोरड्या आठवड्यात आलात तर मासे डोहात दिसतील आणि हलणार नाहीत. पाणी वीस अंशांच्या वर तापलं तर मी गळ घरी ठेवतो. तशा पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सोडला तरी मरतो.

– काका

---

Re: Re: जुलैची मायो सहल
प्रेषक: सभासद, लिमरिक

काका, माहितीबद्दल आभार. पण मला एक गोष्ट मनापासून पटत नाही, म्हणून लिहितो.

मी राजापूरकडचा. आमच्याकडे मृगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे वहाळातून वर येतात, अख्खं गाव रात्री बत्त्या घेऊन उतरतं. मासा धरला तो खायला धरला. पोटासाठी जीव घेतला तर त्याला अर्थ आहे. पण तोंडात गळ अडकवून, दमेपर्यंत खेळवून, फोटो काढून परत सोडायचा, हे कशासाठी? मासा खायचा नसेल तर त्याला त्रास का द्यायचा? नदी बंद ठेवायची असेल तर सरळ बंद ठेवा. मुलांना आपण यातून काय शिकवणार आहोत, याचा विचार सहल समितीने करावा, ही विनंती.

---

Re: Re: Re: जुलैची मायो सहल
प्रेषक: बॅलिनाचे काका

प्रिय दादा,

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मला इथल्या नदीवर उभं राहून पुष्कळदा पडलेला आहे.

चढणीच्या माशांचा उल्लेख तुम्ही केलात, बरं झालं. सॅमन हा नेमका तोच आहे. नोव्हेंबर ते जानेवारी तो वरच्या ओढ्यांत, स्वच्छ खडीत अंडी घालतो. पिल्लू साधारण दोन वर्षं गोड्या पाण्यात वाढतं, वसंतात समुद्रात उतरतं, नॉर्वेच्या समुद्रात आणि ग्रीनलंडच्या बाजूला पोट भरतं. एक हिवाळा काढून जो परततो तो ग्रिल्स, जुलैत मॉयमध्ये बहुतेक हेच असतात. दोन हिवाळे काढलेला मोठा, तो लवकर, वसंतातच येतो. तर आपल्या गळाला जो लागतो तो पोटात गाबोळी घेऊन घरी निघालेला मासा असतो. वहाळातलाही तसाच असतो, आणि गावोगाव जुनी माणसं सांगतात की चढण पूर्वीसारखी राहिली नाही.

इथले आकडे ऐका. 1975 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला सुमारे 17 लाख 60 हजार सॅमन परत आले. 2022 मध्ये सुमारे 1 लाख 71 हजार. समुद्रातली ड्रिफ्ट, म्हणजे प्रवाहात तरंगत सोडायची जाळी 2006 च्या मोसमानंतर बंद केली, तरी ते सावरलेले नाहीत. समुद्र तापतोय, तिथून परतणारेच कमी झालेत. नद्यांवर बंधारे आहेत, शेतांतून वाहून आलेलं खत आणि गाळ खडीत बसून अंडी गुदमरतात. सी-ट्राउटची तर 1980 च्या दशकाच्या शेवटी या पश्चिम किनाऱ्यावर दैना झाली. तो साधा ब्राउन ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन चंदेरी होऊन येतो, पण किनाऱ्याजवळच राहतो. समुद्रात पिंजऱ्यांत सॅमन वाढवतात, त्या शेतांतून पसरणाऱ्या समुद्री उवा त्याच्या कोवळ्या अंगाला लागतात आणि कातडी खातात. न्यूपोर्टजवळ बरीशूलला 1955 पासून संशोधन केंद्र आहे, वर जाणारा आणि खाली उतरणारा प्रत्येक मासा तिथे सापळ्यात मोजतात. मुलांना सहलीच्या वाटेवर निदान तिथल्या पाण्याचा काठ तरी दाखवा.

आता सरळ बंद का नाही करत? काही नद्या बंद आहेतच. पण जिथे माणसं गळ घेऊन उभी असतात तिथे चोरटी जाळी लागत नाहीत, मेलेला मासा वाहताना दिसला तर त्याच दिवशी फोन जातो, ओढ्यात कोणी शेण-मूत्र सोडलं तर कळतं. क्लबची माणसं हिवाळ्यात स्वखर्चाने खडी साफ करतात. हे प्रेम काठावर उभं राहूनच येतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावाने काळ नदीतले महसीर कोणी मारत नाही, म्हणून ते तिथे आहेत. इथे देवी नाही, नियम आहेत आणि नियम पाळणारी माणसं.

पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. दिवसभर एकामागून एक मासे धरून सोडत बसणं मला पटत नाही. माझा स्वतःचा शिरस्ता असा: जुलैतला एक ग्रिल्स मिळाला, त्या नदीतला मासा घरी नेऊ देत असतील, तर तो ठेवायचा, डोक्यावर एक जोरदार टोला घालून तत्काळ मारायचा, टॅग लावायचा, आणि त्या दिवसापुरता गळ गुंडाळायचा. दुसऱ्यासाठी थांबायचं नाही. सप्टेंबरमधल्या तांबूस पडलेल्या, पोट फुगलेल्या माद्या कधीच ठेवायच्या नाहीत.

सोडायची वेळ आलीच, तर मुलांना पद्धत नीट शिकवा. टोकाशी उलटा काटा नसलेला एकच गळ. खेळवायचं नाही, जमेल तितक्या लवकर जवळ घ्यायचा. हात आधी पाण्यात भिजवायचे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. एका हाताने शेपटीचं मनगट, म्हणजे शेपटीआधीचा निमुळता भाग, धरा, दुसरा पोटाखाली, डोकं प्रवाहाकडे. कल्ले आधी भरभर हलतात, मग संथ होतात. शेपटी तुमच्या मुठीत जोर करायला लागेल तेव्हा मूठ सैल करा. फोटो पाण्यात असतानाच काढा, नाही निघाला तर राहू द्या.

सहल समितीला माझा सल्ला: मुलांसाठी सी-ट्राउट बघा. घाटावरून होडी घेऊन खाडीत, किलाला उपसागराच्या तोंडाकडे जाता येतं. छोटे चमचे (चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं) किंवा सँडईल हा बारीक लांबट मासा लावून धरतात, पाण्यात उतरावं लागत नाही, आणि सील बघायला मिळतात. लाइफ जॅकेट होडीवाला देतो, तरी मुलांच्या मापाची आहेत का हे आधी विचारा.

– काका

---

Re: Re: Re: Re: जुलैची मायो सहल
प्रेषक: सभासद, लिमरिक

काका, ‘एक ठेवला की गळ गुंडाळायचा’ हे मला पटलं. धरून सोडण्याबद्दल माझं मन अजून तयार नाही, त्यामुळे मी रॉड धरणार नाही, पण घरच्यांना घेऊन येतो. तळण्याचं माझ्याकडे द्या. सॅमनला आमसुलाचं आगळ आणि जाडी मिरपूड लावतो, रवा लावत नाही, तेल त्याचं त्याला पुरतं.

---

Re: जुलैची मायो सहल – ठरलं
प्रेषक: सहल समिती, डब्लिन

मंडळी, तर असं करू. ज्यांना सॅमनसाठी नदीत उतरायचंय त्यांनी आपापलं लायसन्स आधी काढावं, पट्ट्याचं तिकीट आणि घिली मी एकत्र बघते, फॉक्सफर्डकडचा पट्टा मिळतोय का ते विचारते. मुलं आणि उरलेले सगळे सी-ट्राउटच्या होडीत. मुलांची वजनं मला कळवा, जॅकेटसाठी लागतील. होडीतही सी-ट्राउटसाठी गळ धरणाऱ्याला लायसन्स लागतं, मुलांनाही, हे विसरू नका.

रात्रीच्या जेवणाचा बेत माशावर अवलंबून ठेवत नाही. डाळ-भात आणि बटाट्याची भाजी ठरलेली. मासा मिळाला तर लिमरिककर तळतील.

काका, नोंदवही भरायची कशी ते काठावर मुलांसमोर एकदा दाखवाल का?