सावंतवाडीत राहण्याचे अनुभव लिहा : तळं, बाजार, दवाखाना, वाचनालय, सगळं चालेल

मुंबई-पुण्याकडचे बरेच लोक हल्ली विचारतात की सावंतवाडीत येऊन राहायचं म्हणतोय, कसं आहे गाव. फिरायला येणाऱ्याला राजवाडा, लाकडी खेळणी, मोती तलाव आणि पुढे आंबोली एवढं पुरतं, पण राहायचं म्हटलं की प्रश्न वेगळे असतात, पाणी येतं का, दवाखाना कुठे, संध्याकाळी म्हातारी माणसं कुठे बसतात, पोरं कुठे खेळतात. म्हणून हा धागा काढतेय. इथे राहणारे, राहून गेलेले, माहेर-सासर असलेले, सगळ्यांनी लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

माझ्यापासून सुरुवात करते. आमचं घर सालईवाड्यात. मोती तलाव संस्थानकाळातला, 1874 चा, एका अंगाला राजवाडा आणि दुसऱ्या अंगाला बाजारपेठ, आणि गावातलं निम्मंअधिक सार्वजनिक आयुष्य या तळ्याच्या आसपासच चालतं. सकाळी फेरी मारणारे, मग शाळेची पोरं, दुपारी एसटीची वाट बघून कंटाळलेले खेड्यातले लोक, संध्याकाळी केशवसुत कट्ट्यावर गप्पा मारत बसलेले रिटायर्ड मास्तर. जगन्नाथराव भोसले उद्यान तिथेच, जिमखाना मैदान चालत जाण्यासारखं. (आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव इथल्याच तिरोड्याचे, पोरांना उद्यानात नेता तेव्हा हे जरूर सांगा.) माझ्या सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, तरी त्या रोज एकट्या घराबाहेर पडतात, भाजी घेतात, तळ्यावर मैत्रिणींजवळ बसतात आणि परत येतात, कोणाला गाडी काढायला सांगावं लागत नाही. मला या गावात सगळ्यात मोलाचं हे वाटतं. आता तुम्ही लिहा.

उभाबाजार, आता पुण्यात

वाचनालयाबद्दल मी लिहितो. श्रीराम वाचन मंदिर. दहावीच्या सुट्टीत आमच्या घरात बसून अभ्यास होणं शक्यच नव्हतं, दोन खोल्या आणि सात माणसं, त्यामुळे मी आणि माझा मित्र तिथे जाऊन बसायचो. पेपर वाचायला येणारे आजोबा ठरलेले, त्यांच्या खुर्च्याही ठरलेल्या, एखादा आला नाही तर दुसरा चौकशी करायचा, नंतर घरी जाऊन बघून यायचा. तिथल्या एका काकांनी मला कवितेचं पुस्तक हातात दिलं, मागितलं नसताना, म्हणाले घेऊन जा, आवडलं नाही तर उद्या आण. पुण्यात आता अभ्यासिकांना महिन्याचे पैसे मोजतात लोक, एसी असतो, वायफाय असतं, पण शेजारी कोण बसलंय ते कोणाला माहीत नसतं. वाडीत राहायला येणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात वाचनालयाचं सभासद व्हावं, गावात ओळखी आपोआप होतात.

माडखोलसून

मंगळवारच्या बाजाराबद्दल कोणीच कसा लिवक नाय? माझी आवस (आई) इतकी वर्सां भाजी घेवन वाडीच्या बाजारात बसता. पावसात अळंबी, फागलां (कर्टोली), टायकिळो (टाकळा), आनि उन्हाळ्याआधी ओले काजूगर. काजूगर शेकड्यार इकतत. तुमी शंभर गर घेतास आनि उसळ करून खातास, पन ते सोलताना चीक हातांक लागता, कातडी सोलान निघता, आवस हातांक राख लावन बसता आनि रात्री खोबरेल चोळता. म्हनान भाव करताना थोडो इचार करा एवढाच सांगनां. आनि जे कोन गावात सुधारना करतत तेंका एक सांगाचा हा, बाजाराक येनाऱ्या बायांका बसाक सावली व्हयी आनि जावक बरी जागा व्हयी. सकाळी सातांक घर सोडल्यार सांजेपर्यंत ती बाय खय जातली? तळ्याकाठी दिवे लावलास, बरा केलास, पन ह्या आदी होवक व्हया होता.

धागाकर्ती

माडखोलवाल्या भावा, अगदी खरं. हे कोणी बोलतच नाही. बाजाराची जागा बदलायची चर्चा निघते तेव्हा ट्रॅफिक आणि पार्किंगबद्दलच सगळे बोलतात, विकायला बसणाऱ्या बायकांना काय हवं ते कोणी विचारत नाही.

सबनीसवाडा

दवाखान्याबद्दल नीट लिहिते कारण रिटायर होऊन येणाऱ्यांना याची सगळ्यात जास्त गरज लागणार. ताप, प्रेशर, शुगर, पडझड, बाळंतपण याला गावात अडचण नाही. उपजिल्हा रुग्णालय आहे, ज्याला आम्ही सगळे अजून कॉटेजच म्हणतो, खाजगी डॉक्टरही आहेत आणि जुने डॉक्टर तुमच्या आजोबांची हिस्ट्री तोंडपाठ सांगतात. पण हार्ट अ‍ॅटॅक, मेंदूत रक्तस्राव, मोठा अपघात असं काही झालं की गोवा, बांबोळीचं मेडिकल कॉलेज. माझ्या वडिलांना रात्री नेलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांचा हात धरून बसलेले, बांदा गेलं, हद्द ओलांडली, पेडणे गेलं, आणि प्रत्येक वळणावर मनात एकच की हे सगळं आपल्या गावात का नाही. वडील वाचले, बांबोळीच्या डॉक्टर-नर्सचे उपकार मी कधी विसरणार नाही. आमच्या जिल्ह्यातले किती पेशंट ते लोक सांभाळतात. पण पोचायला साधारण दीड तास धरा, पावसात जास्त. मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल होणार होणार हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. ज्यांना हृदयाचा आजार आहे त्यांनी हे धरूनच निर्णय घ्यावा, भुलून येऊ नये. माझं गावावर प्रेम आहे म्हणूनच सांगतेय.

चितारआळीजवळ

आमच्याकडे पाहुणे आले की चितारआळीत नेतोच. सगळे लाकडी फळं आणि भातुकली घेतात, आणि ठीक आहे, सुंदरच असतात, पण जमलं तर कोणी कारागीर कातकाम करत असेल तिथे थोडं थांबा. लाकूड यंत्रावर फिरत असतं आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाने लाख तापून वितळते आणि लाकडावर पसरत जाते, मग केवड्याच्या पात्याने घासलं की चकाकी येते. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे, आता ते पूर्वीसारखं मिळत नाही अशी तक्रार ऐकू येते. दुकानात प्लॅस्टिकची आणि बाहेरून आलेली खेळणीही असतात, त्यामुळे विचारून घ्या की इथलं कुठलं. माझी मुलगी याच आळीतल्या पोळपाट-लाटण्यावर खेळली, आता तिची मुलगी खेळते.

एसटीने कॉलेज केलेला

मी आंबोलीच्या बाजूचा. पंचम खेमराज कॉलेजला होतो. कॉलेज राजवाड्याजवळच, लेक्चर संपलं आणि गाडीला वेळ असला की आम्ही गावाकडची सगळी पोरं तळ्यावर. वडापाव खायलाही पैसे नसायचे कधीकधी पण तिथे बसायला कोणी पैसे मागत नव्हतं, कोणी उठ म्हणत नव्हतं, डबा तिथेच खायचा, अभ्यास तिथेच, प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूची तयारी पण तिथेच केली मित्राला प्रश्न विचारायला लावून. गाडी चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नसायचा, घाटात दरड आली तर त्या दिवशी घरी जाणं नाही, वाडीतल्या मित्राकडे मुक्काम, त्याच्या आईने कधी विचारलं नाही की किती दिवस. शहरात मोफत बसायला जागा असणं किती मोठी गोष्ट आहे ते बंगलोरला आल्यावर कळलं, इथे बसायचं तर कॉफी घ्या.

वैश्यवाडा

तळ्याचं सगळे कौतुक करतायत, मीही करतो, पण त्याची काळजी घेण्यात आपण कमी पडतो. एका पावसाळ्यात काठाचा कठडा कोसळला आणि दुरुस्ती किती रेंगाळली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गाळ साचतो, गणपती विसर्जनानंतर पुढचे काही दिवस पाण्याची अवस्था बघवत नाही. आमच्या घरी आता शाडूची मूर्ती असते आणि निर्माल्य तळ्यात टाकत नाही, आळीत आणखी काही घरांनी सुरू केलंय. मध्ये मगर दिसल्याच्या बातम्या आल्या तेव्हा ती बघायला गर्दी लोटली होती, तेवढीच माणसं श्रमदानाला आली तर तळ्याचा काठ एका रविवारी स्वच्छ होईल.

डोंबिवली

धाग्याबद्दल आभार, मीच त्या विचारणाऱ्यांपैकी. आईवडील दोघं सत्तरीच्या पुढे, मूळ गाव कुडाळकडचं पण तिथलं घर पडलं. दोन प्रश्न. पिण्याचं पाणी कसं आहे आणि आम्ही ट्रेनने येणार तर स्टेशनपासून किती लांब? आणि आईला भजन-नाटकाची फार आवड आहे, त्यासाठी काही?

धागाकर्ती

ताई, शहराला पाळणेकोंड धरणाचं पाणी आहे, बऱ्याच जुन्या घरांना विहीर पण आहे, घर घेताना विहीर असलेलं बघा, मे महिन्यात जिवाला शांती असते. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, सावंतवाडी रोड. रिक्षाने यावं लागतं आणि रात्रीच्या गाडीला आधी कोणाला तरी सांगून ठेवलेलं बरं. दादरहून तुतारी एक्स्प्रेस इथपर्यंतच येते त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना उतरायची घाई होत नाही. गोव्यातला मोपाचा विमानतळ 2023 ला सुरू झाल्यापासून बाहेरगावच्या मुलांना येणं पण सोपं झालंय. भजनाला विठ्ठल मंदिर आहे, आणि जत्रांचे दिवस सुरू झाले की आजूबाजूच्या गावात रात्रभर दशावतार, आईंना कंटाळा यायला वेळच मिळणार नाही.

खासकीलवाडा

डोंबिवलीच्या ताईंना आणखी एक. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, हाताने रंगवतात ते आईंना दाखवा. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला बंद पडता पडता धरून ठेवली. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. मी गेले तेव्हा एक बाई कूर्मावताराच्या पानावर कासव काढत होत्या, ब्रश इतका बारीक की टोक दिसत नव्हतं, शेजारी पंखा बंद ठेवलेला कारण पानं उडतात. घामाने डबडबलेल्या, पण हात हलला नाही. माझ्या आईने दशावतार आयुष्यभर जत्रेत बघितलेला, ती प्रत्येक पान हातात घेऊन अवतार ओळखत बसली, आम्ही तिला निघ म्हणून सांगत होतो आणि त्या बाई म्हणाल्या बसू दे त्यांना.

सबनीसवाडा

ताई, घर बघायला याल तेव्हा जुलैमध्ये या, डिसेंबरमध्ये नको. डिसेंबरात सगळं सुंदरच दिसतं. जुलैत कळेल कौलं कुठे गळतात, वाटेवर पाणी कुठे तुंबतं, लाइट गेली की किती वेळाने येते, आणि आईवडिलांना इथला पाऊस सोसतो का. आणि कॉटेजपासून रिक्षाने दहा मिनिटांत पोचाल असंच घर बघा. कोणी ओळखीचं नसेल तर मला इथेच सांगा, मी सोबत येते बघायला.