सिक्लिडच्या टँकमध्ये झाडं टिकतात का हो? माझी सगळी उपटली

खेकडा_वाकडा:
चार फुटी टँक आहे, चार बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. मासे म्हणजे येलो लॅब आणि अजून थोडे मबुना (आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले, दगडांत राहणारे सिक्लिड), सगळे मिळून १४. आधी नुसतेच दगड होते, बघायला कंटाळा यायला लागला म्हणून खाली अ‍ॅक्वा सॉइल (टँकमधल्या झाडांसाठीची खतमाती) टाकली, वर वाळू, त्यात अ‍ॅमेझॉन स्वोर्ड आणि व्हॅलिसनेरिया लावली, मधोमध एक मोठं ड्रिफ्टवूड, म्हणजे पाण्यात ठेवायचं लाकूड, ठेवलं. रात्री एवढं भारी दिसत होतं की फोटो काढून सगळ्यांना पाठवले. सकाळी उठून बघतो तर अर्धी झाडं वर तरंगतायत, एका कोपऱ्यात काचेपर्यंत खड्डा आणि पाणी कोऱ्या चहासारखं. सिक्लिडवाल्यांनी झाडांचा नादच सोडायचा का?

दगडफोड्या:
नाद सोडू नका, पण वाळूत लावायचं सोडा. मबुना वाळू तोंडात भरून इकडची तिकडे करणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. त्यातून तुम्ही सॉइल टाकलीत, ती पीएच आणि केएच (पीएच स्थिर धरणारे पाण्यातले क्षार) खाली ओढते. मलावीच्या माशांना पीएच पावणेआठ ते साडेआठ आणि जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी लागतं, म्हणजे एका हाताने तुम्ही पाणी त्यांच्यासाठी बनवणार आणि खालून सॉइल ते बिघडवणार. काढून टाका ती. चहाचा रंग लाकडाचा, त्याने मासे मरणार नाहीत, पण तेही पीएच थोडा उतरवतंच.
आणि एक विचारतो, दगड वाळूवर ठेवलेत की काचेवर?

खेकडा_वाकडा:
वाळूवर 😬

दगडफोड्या:
मग आज बाकी सगळं राहू दे, आधी ते करा. माझ्याकडे रात्री दोन वाजता धाडकन आवाज आला होता, माशांनी खालची वाळू उकरली आणि वरचा दगड घसरून काचेवर आपटला. काच वाचली, नशीब. दगड रिकाम्या टँकच्या तळाला, खाली पातळ थर्मोकोल घालून, हलवून बघायचे, डुगडुगला तर परत रचायचा, आणि मग सगळ्यात शेवटी वाळू. मधे बिळं भरपूर ठेवा, मारामारीत पळणाऱ्याला लपायला जागा पाहिजे.

शेवाळी_ताई:
झाडांचं मी सांगते. अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न घे, दोन्हीची पानं चिवट असतात, मासे एकदा चावून बघतात आणि नाद सोडतात. मात्र त्यांचा जाड आडवा कोंब असतो ना, रायझोम, तो वाळूत पुरायचा नाही, पुरलास की सडलाच. दगडाला चिकटवायचा. मी असं करते, दगडाची जागा फडक्याने कोरडी करायची, मुळंही टिपून घ्यायची, जेलवाल्या सुपरग्लूचा मुगाएवढा थेंब, दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं आणि सरळ पाण्यात. ग्लू पांढरा पडतो, घाबरायचं नाही, पुढे शेवाळ चढून झाकला जातो. ग्लू नको असेल तर शिवणाचा दोरा बांध, पण माझ्या एका नराने गाठ सोडवली होती, खोटं नाही सांगत.
अ‍ॅन्युबियास फार हळू वाढतं, त्यामुळे पानांवर शेवाळ येतं, पण तुझे मबुना तेच खरवडून खातील. लाइट सहा-सात तास बस झाला.

हिरवा_टँक:
व्हॅलिसनेरियाला एवढ्यात नावं ठेवू नका, ती मलावी तळ्यातही उगवते आणि जड पाणी तिला चालतं. तिचा प्रश्न फक्त मुळं धरेपर्यंतचा. छोट्या मातीच्या कुंडीत लावून वर जाड गोटे ठेवायचे आणि कुंडी दगडांच्या मागे सरकवायची.

शेवाळी_ताई:
चालते, पण मबुना तिची कोवळी पानं कुरतडतात. माझ्याकडे नुसते दांडके उरले होते.

हिरवा_टँक:
मासे टाकायच्या आधी दोन महिने लावली होती म्हणून माझी टिकली असेल मग.

खेकडा_वाकडा:
आज सॉइल आणि लाकूड दोन्ही काढलं, मासे टबमध्ये एअर पंपावर आहेत. दगड काचेवर रचले, एक फार डुगडुगत होता तो बाद केला. स्वोर्डचं काय करू? टाकवत नाही.

शेवाळी_ताई:
एंजल किंवा रॅम पाळणारं कोणी ओळखीचं असेल तर देऊन टाक, त्यांच्या मऊ पाण्यात स्वोर्ड मस्त वाढतं आणि ते मासे उपटतही नाहीत. लाकूडही त्यांनाच दे.